लाभाचं माप

मल्हारी उगले गुरुजींच्या खिशात पेन नसला तरी चालतं, टेप मात्र लागतो. पाच मीटरचा, पिवळा, सुताराकडं असतो तसला. कुणाच्या लग्नात पंगतीला बसले तरी दोन पत्रावळींमधलं अंतर डोळ्यानं मोजून घेणार आणि मगच भाताला हात लावणार. बारवमळ्यातली माणसं तोंडावर गुरुजी म्हणतात, पाठ फिरली की टेपगुरुजी. त्यांना दोन्ही ठाऊक आहे. दोन्हीचं काही वाटत नाही.

त्यांचा बाप देवळाली कॅम्पाच्या बाजारात गाजरं-मुळे विकायला बसायचा. तागडीत अर्ध्या किलोच्या जागी धोंडा. धोंडा बरोबर होता, वाण्याच्या मापाशी ताडून आणलेला. पण एका सुभेदाराच्या बायकोनं भर बाजारात तो हातात उचलला, चार जणींना दाखवला आणि हसली. दुसऱ्या दिवसापासून पाटीपुढं गिऱ्हाईक थांबेना. बाप मग मळ्यातच राहिला. मल्हारी तेव्हा चौथीत होता. ही गोष्ट ते वर्गात सांगत नाहीत. त्यांच्या धाकट्या भावानं सांगितली, तीही पाणी भरता भरता.

बारवमळा म्हणजे सिन्नरपासून जीपनं पाऊण तास. साठ-सत्तर उंबरा, कोबी, टोमॅटो, थोडा कांदा. शाळा सातवीपर्यंत, पोरं बावन्न, गुरुजी दोन. त्यातला धाकटा कायम कसल्या तरी ट्रेनिंगला. म्हणजे शाळा एकट्या मल्हारी गुरुजींची. शिकवायचं त्यांनी, घंटा द्यायची त्यांनी, पोषण आहाराच्या वहीत तांदूळ लिहायचा तोही त्यांनीच.

सातवीला विज्ञानात मापनाचा धडा आहे. भौतिक राशी, प्रमाणित एककं, मीटर, किलोग्रॅम, सेकंद. दुसऱ्या शाळांतले गुरुजी तो दोन तासांत उरकतात. हे तीन आठवडे घेतात. सुरुवात ठरलेली असते. पहिल्या बाकावरच्याला उभं करायचं.

"तुझं घर शाळेपासून किती लांब?"

"दोन बिड्या, गुरुजी."

"कोणाच्या बिड्या?"

"बाबांच्या."

"आणि आजोबा निघाले तर?"

"ते चिलीम वढत्यात."

वर्ग हसतो. गुरुजी हसत नाहीत. फळ्यावर लिहितात: अंतर, दोन बिड्या, कंसात बाबा. मग सगळी सातवी टेप धरून बांधाबांधानं निघते, पाच-पाच मीटरला खडूनं खूण करत, आणि घरापर्यंतचं अंतर सहाशे चाळीस मीटर निघतं. दुसऱ्या दिवशी त्या पोराचा बाप बांधावर गाठून विचारतो, "गुरुजी, माझ्या बिड्या मोजायला पोरं कशाला लावता?"

असं त्यांचं शिकवणं. चांगलं का वाईट, हे गावानं कधी ठरवलं नाही. एवढं खरं की बारवमळ्याची पोरगी भाजीच्या पिशवीला हात लावून "दीड किलोच्या आत हाय" म्हणाली तर ती आतच असते.

लंकाबाई शाळेत खिचडी शिजवायला आली ती गेल्या जूनमध्ये. आधीची बाई सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला लागली, म्हणून जागा मोकळी झाली. लंकाबाईचं माहेर पार येवल्याच्या अंगाला, सासर इथलं. नवरा पुंजा टेंपोवर ड्रायव्हर, महिन्याचे वीस दिवस बाहेर. बाई तोंडानं फटकळ, हातानं चोख. चुलीपुढं कधी राख दिसली नाही. मापटं तिनं घरनं आणलं. लोखंडी, काठाला दोरी ओवायला भोक असलेलं. पहिल्याच दिवशी गुरुजींनी ते वाण्याच्या काट्यावर घालून बघितलं. काठोकाठ भरलं तर तांदूळ नऊशे ग्रॅम, वर शिग लावली तर बरोबर किलो.

"बाई, शिग लावूनच भरायचं. म्हंजी एक मापटं तो एक किलो."

"सपाट माप वाणी भरतो गुरुजी. आमी शिगच लावतो."

सरकारी हिशेब असा की लहान्याला शंभर ग्रॅम तांदूळ, सहावी-सातवीच्याला दीडशे. हजेरी झाली की गुरुजी वर्गाच्या खिडकीतून सांगायचे, "बाई, आज सहा." कधी साडेपाच. ती स्वयंपाकाच्या खोलीत मोजून घालायची, हे इकडं वहीत लिहायचे. महिना संपला की वहीखाली गुरुजींची सही आणि शाळा समितीचा अध्यक्ष सावळीराम याची सही. असं सप्टेंबरपर्यंत चाललं.

सप्टेंबरच्या शेवटी धडा वस्तुमानावर आला. गुरुजींनी सोमनाथच्या टोमॅटोच्या शेडमधून इलेक्ट्रिक काटा मागून आणला, चार पोरांनी तो उचलून ओट्यावर ठेवला. मग काय, दिसेल ते काट्यावर. शाळेची घंटा, दगड, दप्तरं, पाण्याची बादली आधी भरून मग रिकामी करून. कुणीतरी शेळी आणली. ती काट्यावर मुतली. गुरुजी म्हणाले, "आता वजन किती कमी झालं ते लिहा," आणि पोरांनी लिहिलं. शेवटी मोजायला काही उरलं नाही तेव्हा तांदळाची पोती बाहेर आली. दोन, दोन्ही फोडलेली.

सावळीराम तेव्हा तिथंच ओट्यावर बसला होता. नळाच्या तोटीचं काहीतरी विचारायला आला आणि तमाशा बघत थांबला. त्याची निकिता सहावीत.

सातवीतली सृष्टी आकडे वाचत होती. अक्षर चांगलं म्हणून खडू कायम तिच्याकडं.

"बारदान वजा केलं का?" गुरुजींनी विचारलं.

"केलं. अठ्ठेचाळीस किलो सहाशे ग्रॅम."

गुरुजींनी वही उघडली. वहीत शिल्लक होती एकशे अठरा किलो. वही तिथल्या तिथं मिटता आली असती. पण पोरांसमोर आकडा मागितला की आकडा द्यायचा, ही सवय तीस वर्षांची.

"वहीत एकशे अठरा हायत," ते म्हणाले. "फरक काढ."

सृष्टीनं फळ्यावर वजाबाकी मांडली. एकोणसत्तर पूर्णांक चार.

"एकक?"

तिनं पुढं किलोग्रॅम लिहिलं.

सावळीराम उठून फळ्यापाशी आला. आकडा पुन्हा एकदा वाचला. "गुरुजी, सत्तर किलो तांदूळ गेला कुढं?"

"माहीत नाय."

"मला हाय," असं म्हणून तो स्वयंपाकाच्या खोलीकडं बघू लागला.

लंकाबाई दारात कांदा चिरत बसली होती. तिनं विळी बाजूला केली. "माझ्याकडं काय बघता अध्यक्ष? मी तांदूळ लुगड्यात बांधून न्हेते का?"

"मी कुढं काय म्हणलं?"

"म्हणा ना मग. तोंड उघडंच हाय."

दिवस मावळायच्या आत वस्तीभर झालं. फळा पुसला होता, पण बावन्न पोरं घरी गेली होती. सावळीरामची भावजय कलाबाई हिचा खिचडीच्या कामासाठी अर्ज दोनदा आला होता. तिला आता कुणी काही सांगायची गरज नव्हती. सावळीरामनं शनिवारी बैठक लावली. विषय एकच, बाई बदलणे. जागा जाण्याचं लंकाबाईला दुःख होतंच, पण खरी गोष्ट निराळी होती. तांदूळचोर म्हणून शाळेतून निघालेल्या बाईला बारवमळ्यात कोबी निंदायलासुद्धा कुणी बोलावलं नसतं. सकाळी हापशावर वत्सलाबाईनं तिला बघून आपला हंडा थोडा अलीकडं ओढला. एवढं बास होतं.

सोमनाथ काटा न्यायला आला तेव्हा त्यानं गुरुजींना मार्ग सांगितला. "उंदीर लिहा. सगळे उंदीर लिहित्यात."

"सत्तर किलो उंदरांनी खाल्ला तर एकेक उंदीर बोक्याएवढा पाहिजे. मला एक दाखव. आणि काटा शनिवारपर्यंत राहू दे."

गुरुजींनी तिला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, आणि चोरसुद्धा नाहीच म्हणतो. त्यांनी सातवीला काम लावलं. रोज शिजवायच्या आधी पोती मोजायची, शिजवायला घेतल्यावर पुन्हा मोजायची. मंगळवार, बुधवार, गुरुवार.

लंकाबाई कमरेवर हात ठेवून उभी. "माझंबी वजन करा. येताना किती, जाताना किती."

"ते नाय लागत, बाई."

"का नाय लागत? धोंडा मोजला, शेळी मोजली. मीच राहिले."

मंगळवारी गुरुजींनी सहा सांगितले, पोत्यातून सात गेले. बुधवारी साडेपाच सांगितले, साडेसहा गेले. गुरुवारी सहा, आणि गेले सहा किलो नऊशे. तिन्ही दिवस बाई रिकाम्या हातानं घरी गेली. हे बघायला सावळीराम स्वतः फाटकापाशी उभा होता. जास्तीचा तांदूळ पातेल्यातच जात होता आणि पातेलं तर रोज पोरं खरवडून खात होती.

"म्हंजी ती चोरून पोरांना घालती?" सावळीरामनं विचारलं. त्याला स्वतःलाच ते वाक्य नीट बसेना.

शुक्रवारी गुरुजी खिडकीतून बोलले नाहीत. स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, आज सहा. घाला, मी बघतो."

लंकाबाईनं पोत्यात मापटं खुपसलं, शिग हातानं नीट केली, पातेल्यात उलटं केलं. तोंडातल्या तोंडात म्हणाली, "लाभ." दुसरं घातलं. "एक." तिसरं घातलं. "दोन."

"थांबा. दोन कसं? तीन झाली."

"दोन झाली. लाभाचं मोजायचं नसतं."

खळ्यावर रास पडली की पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही. एक म्हटलं की संपायला सुरुवात झाली, असं जुनी माणसं मानतात. म्हणून म्हणायचं लाभ. हे सिन्नरकडंही आहे आणि येवल्याकडंही. गुरुजींच्या घरीही बाप असाच मोजायचा. पण तो लाभ म्हणायचा आणि पुढच्याला दोन. लाभ म्हणजेच एक, फक्त नाव बदललेलं.

"आमच्यात लाभ, दोन, तीन," गुरुजी म्हणाले.

"तुमच्यात आसंल. आमच्यात लाभाचं माप पहिलं वाहायचं, मग एकापासून सुरू. माझा बाप तसंच मोजायचा. एकटा बाप नाय, सगळं गाव."

"तीन महिने रोज असंच घातलं?"

"मग कसं घालणार? तुमी सहा म्हणलं, मी सहा घातली. वर लाभ."

गुरुजी दारातल्या दगडावर बसले. मग उठले आणि हजेरीपट काढला. जूनपासून काटा आणला त्या दिवसापर्यंत खिचडी शिजलेले दिवस एकाहत्तर. एकाहत्तर मापटी, एकाहत्तर किलो. शिग कधी आखडती लागली असेल, म्हणून एकोणसत्तर चारशे. वजाबाकी बसली.

ती बसली याचा त्यांना आनंद झालेला दिसला नाही. दर वर्षी निम्मी पोरं पट्टीनं मोजताना पेन्सिल शून्यावर न ठेवता एकच्या खुणेवर ठेवतात, आणि गुरुजी दर वर्षी त्यांच्यावर डाफरतात. इथं माप त्यांनी तपासलं, एकक ठरवलं, शिगसुद्धा ठरवली. मोजणी कुठून सुरू होते हे विचारलं नाही.

शनिवारी शाळेच्या ओट्यावर बैठक बसली. पंधरा-वीस माणसं, तेवढ्याच बाया. गुरुजींनी झालेलं सगळं सांगितलं, आकड्यांसकट. लंकाबाई खांबाला टेकून उभी होती.

"ही कसली नवी थाप?" कलाबाई म्हणाली.

सावळीरामची आई अक्काबाई भिंतीशी बसलेली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती प्रत्येक बैठकीला असते. "थाप नाय ती. माझी थोरली जाव नांदगावकडची व्हती. ती आसंच मोजायची. पहिल्या सुगीला सासऱ्यानं तिच्या अंगावर मापटं फेकलं व्हतं."

"मग आमच्या आईकडं पण लाभाचं येगळंच," मागून एक बाई म्हणाली.

"काय सांगती? लाभ म्हंजी एक. मग बलुतेदाराला कसं मोजून देत व्हते?"

"त्याला एकापासूनच देत व्हते. लाभ घरात."

"म्हंजी तुमच्यात लाभ घरात आन् बाहेर एक?"

दहा मिनिटं तांदूळ बाजूला राहिला आणि लाभावर जुंपली. बारवमळ्याच्या निम्म्याहून जास्त सुना बाहेरगावच्या. प्रत्येकीच्या माहेरचं मोजणं निराळं निघालं. एकीच्या माहेरी सातला सात म्हणत नव्हते. सोमनाथ म्हणाला, "आन् माझ्या शेडमध्ये याच बाया क्रेट मोजत्यात," आणि त्याचा चेहरा जरा उतरला.

कलाबाईनं विषय पुन्हा जागेवर आणला. "मोजायला येत नाय तर काम कशाला करायचं?"

"मला मोजायला येतं," लंकाबाई म्हणाली. "तुमाला इचारायला येत नाय."

सावळीरामनं हात वर केला. "हे बघा गुरुजी. चोरी आसंल नसंल. सत्तर किलो साठा कमी हाय, हे तर खरं. कुणाला तरी धरावंच लागंल. बाई बदलू आन् मोकळं होऊ."

"बदला," गुरुजी म्हणाले. "ठराव लिहितो. पण कारण चोरी लिहिणार नाय, कारण चोरी झालेली नाय. कारण लिहीन, लाभाचं माप. त्याच्या खाली दुसरा ठराव: मुख्याध्यापकानं तीन महिन्यांत एकदाबी साठा वजन करून बघितला नाय. ती सही माझी."

"तुमचं नाव कशाला घेता उगंच?"

"वही माझी हाय. मी पोरांना काटा शिकवतो आन् वहीत ऐकून लिहितो. आणि तिसरा ठराव: दर महिन्याच्या साठ्याखाली अध्यक्षानं न बघता सही केली. ती तुमची."

 

"मी तर तुमी सांगता तिथं सही करतो," सावळीराम म्हणाला.

"मी पण तसंच करतो. तेच सांगतोय."

अक्काबाईनं पोराकडं बघितलं आणि तंबाखू चोळायला घेतली. "बस खाली सावळ्या. बाई शिजवती चांगली. तुझीच पोरगी दोनदा घेती."

सावळीराम बसला. ठराव एकच झाला: लंकाबाईला कामावर ठेवावं, तांदूळ मापट्यानं न मोजता काट्यावर मोजावा. सोमनाथनं शेडमधला जुना काटा शाळेला दिला. नवा त्याला स्वतःलाच घ्यायचा होता. कलाबाईनं अंगठा नाही, चांगली पूर्ण सही केली आणि कुणाशी न बोलता निघून गेली. गुरुजींनी झाला प्रकार जसाच्या तसा लिहून वर पाठवला. वरून कारणे दाखवा नोटीस आली. त्यात विचारलं होतं की लाभ या शब्दाचा खुलासा करावा. त्यांनी दीड पान खुलासा केला. पुढं त्याचं काय झालं ते वरच्यांना ठाऊक. गुरुजींची एक वेतनवाढ अडली, एवढं खाली कळलं. त्याबद्दल ते बोलत नाहीत. हापशावर वत्सलाबाई आता हंडा ओढत नाही, पण झालं ते चुकलं असंही कधी म्हणाली नाही. लंकाबाईनं तशी वाट पाहिली नाही.

बैठकीनंतरच्या सोमवारी काटा स्वयंपाकाच्या खोलीत मांडला. गुरुजींनी त्यावर रिकामं पातेलं ठेवलं, पातेल्याचा आकडा आला, मग बटण दाबलं आणि आकडा गेला.

"हे काय केलं?" लंकाबाईनं विचारलं.

"पातेल्याचं वजन काढून टाकलं. आता शून्य हाय. इथनं मोजायचं."

"शून्य धरायचं का मोजण्यात?"

"नाय. ते मोजायचं नाय. त्याच्या पुढं."

तिनं काट्याकडं बघितलं, मग गुरुजींकडं. "मग माझं लाभ काय येगळं व्हतं?"

"तुमच्या लाभात तांदूळ व्हता, बाई."

लंकाबाईनं पोत्याचं तोंड मोकळं केलं आणि तांदूळ ओतायला लागली. ओठ हलले का नाही ते दिसलं नाही, कारण तिची पाठ दाराकडं होती. आकडा सहा किलोवर पोचला तसा तिनं हात आखडला. दोन-चार दाणे जास्त पडले होते ते चिमटीनं उचलून परत पोत्यात टाकले.

दुपारी तिसरी रांग उठायच्या आत पातेलं वाजायला लागलं. निकिता ताट घेऊन दुसऱ्यांदा आली. लंकाबाईनं पळी पातेल्यात फिरवून दाखवली.

"संपली."

"रोज तर उरायची, काकू."

"रोज सातची व्हती. आता सहाची हाय. घरी जाऊन बापाला सांग, बरोबर मोजली."

निकितानं ताट धुवायला नेलं.